माळवदाचं मीठ

अंबाजोगाई
५ मार्च १९९५

वहिनी, शरणार्थ.

शिवरात्रीला नेकनूरला येऊन गेलो, पण बोललो नाही. तुम्ही पूजेच्या गडबडीत होता. शिवाय तोंडावर बोललो असतो तर तुम्ही हातातली पळी उगारली असती. म्हणून पत्र.

आपल्या घरामागचा परस डांबरी रस्त्याला लागून आहे. केजकडं जाणारी प्रत्येक एसटी तिथूनच जाते. वहिनी, जमाना बदललाय. इथं आमच्या कापडदुकानाच्या ओळीत पाहावं तिकडं एसटीडीचे बूथ, छपरांवर डिशच्या थाळ्या. परसात शटरचे चार गाळे काढू. भाडं निम्मं तुमचं, निम्मं माझं. तुमच्या म्हातारपणाची सोय होईल.

तुम्ही म्हणाल, माझी बाग! रागावू नका, पण कुठली बाग? गेल्या साली घराचं मातीचं माळवद काढून स्लॅब टाकला, तेव्हापासून परसात काही उगवलं का? वांगी करपली, मेथी वर आलीच नाही, जास्वंदीच्या नुसत्या काड्या उरल्या. शिवरात्रीला लिंगपूजेची फुलं तुम्ही बाजारातून आणली, मी पाहिलं. माणूस थकतो तशी जमीनही थकते. आमचे थोरले अण्णा गेले, लेक ईश्वरी उदगीरला सासरी. तुम्ही एकट्या कुणासाठी राबता?

जागा दोघांच्या नावावर आहे, म्हणून तुमची सही लागेल. तुमची जाऊ रतन तुमची आठवण काढते.

तुमचा दीर
मन्मथप्पा


नेकनूर
१२ मार्च

भावजी,

तुमचं पत्र आधी बिनचष्म्याचं वाचलं. वाटलं, नीट दिसत न्हाई म्हणून भलतंच वाचायलेय. मग चष्मा लावून वाचलं. तरी तेच.

जमीन थकली म्हणं! कापडाच्या गादीवर बसून तुमाला जमिनीचं वय कळायलं व्हय? तुमच्या लग्नात गावजेवणाला जी वांगी झाली ती ह्याच परसातली. तवा तुमी दोन घास जास्त खाल्ले, तवा न्हाई वाटलं जमीन थकली म्हणून.

बाजारातनं फुलं आणली ते तुमी बघितलं. आणताना माझं तोंड कसं झालतं ते न्हाई बघितलं. ह्या घरात आल्यापासनं मी लिंगाला दुसऱ्याच्या दारचं फूल वाहिलं न्हवतं. त्या दिशी वाहिलं आन दिवसभर मला कायबी ग्वाड लागलं न्हाई.

कुणासाठी राबता, इचारलंत. माझ्यासाठी. कावून, मी माणूस न्हाई का?

आता ऐका. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारची जत्रा करून समदे सोयरे आपल्या घरी जेवायला येतात. त्या पंगतीला मी ह्या परसातली भाजी वाढीन. बाजारची एक काडी न्हाई. वाढली तर तुमी जल्मात गाळ्याचं नाव काढायचं न्हाई. न्हाई वाढली तर कागद घिऊन या, मी मुकाट सही करते.

हाय कबूल? असंल तर तसं लिवा, नसंल तर लिवूच नका.

गंगासागर


अंबाजोगाई
२० मार्च

वहिनी, शरणार्थ.

कबूल. घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. रतन मलाच म्हणाली, तुम्ही हरणार. मी म्हणालो, तू वहिनींच्या बाजूची, तुझं मत धरत नाही.

केजवरून पुढं नेकनूरला येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरजवळ युरियाची अर्धी गोणी दिली आहे, उतरवून घ्या. समोरच्या पार्टीला खत पुरवणारा दीर दुसरा मिळायचा नाही! पण कार्तिकीला काही निघालं नाही तर रडायचं नाही, आणि जेवताना माझ्या ताटात मीठ जास्त घालायचं नाही.

मन्मथप्पा


नेकनूर
३० एप्रिल

भावजी,

तुमचा युरिया टाकला. जी दोन-चार रोपटी जीव धरून हुती ती बी गेली. तुमचा हात लई गुणाचा हाय. मग मी चुलीची राख टाकून बघितली. तिनं तर जमीन आणखीन फुगली, वर पांढरी पापडी धरली. पाणी घातलं की वरच तळं साचतं, खाली उतरतच न्हाई.

परवा शेजारच्या भिवराबाईची म्हैस दावं तोडून परसात शिरली. मी काठी घिऊन धावले. धावता धावता मनात आलं, हितं खायला तर कायच न्हाई, ही करायलीय काय? बघते तर बया जमीन चाटायली! डोळे मिटून, वासराला चाटावं तसं. भिवराबाई दाव्याला धरून ओढायली तर हलंना. हसून म्हणली, "गंगासागर, तुझी बाग माझ्या म्हशीला लई आवडली बघ."

मी चिमूटभर माती उचलली आन जिभंवर ठिवली. भावजी, मीठ! निव्वळ मीठ!

मग डोक्यात लख्ख पडलं. माळवदावर गवत उगू नये, मुळ्यांनी भोकं पडून घर गळू नये, म्हणून दर उन्हाळ्यात वर मीठ पसरायची रीत. तुमच्या आईनं पसरलं, तिच्या सासूनं पसरलं, मी पसरलं. घराण्याचं समदं मीठ त्या मातीत. आन गेल्या साली माळवद उतरवल्यावर ती माती माझ्या परसात कुणी वतायला लावली? मी ईश्वरीच्या बाळंतपणाला उदगीरला गेलते. माघारी आले तर परस भरून सपाट, आन तुमी हात झटकत म्हणालात, "वहिनी, फुकटात खत टाकून दिलंय." मी खुळी, चहा दिला तुमाला!

जमीन थकली न्हवती. तिला तुमी खारवली. आता एकच इचारते, खरं सांगा. हे गाळ्यासाठी ठरवून केलंत का?

गंगासागर


अंबाजोगाई
८ मे

वहिनी,

तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि ताटावरून उठलो. शिव्या द्या, मी खाईन. पण हे नको.

जुन्या पांढऱ्या मातीला सगळा तालुका खत म्हणतो. पडक्या गढीची माती अण्णा स्वतः बैलगाडीत भरून रानात नेत. मी वर बसलेलो असायचो. त्या साली ज्वारीत माणूस दिसत नव्हता. माळवदाची माती पांढरी, गढीची माती पांढरी, मला वाटलं दोन्ही एकच. मीठ डोक्यातच आलं नाही. दुकानात बसणाऱ्याची अक्कल म्हणा, पण कपट म्हणू नका.

आपल्या तानाजी मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, खाऱ्या जमिनीत पाया घेतला तर भिंतींना लोणा लागेल, गिलावा पापडासारखा गळेल, शटर गंजतील. तेव्हा गाळ्यांचा विषय संपला. पैजही रद्द. ती पडीक जागा तुम्हालाच राहू द्या. त्यासाठी उन्हात खपू मात्र नका. तिथं आता काही होणार नाही.

मन्मथप्पा


नेकनूर
२१ मे

भावजी,

तुमच्यावर कपटाचा वहीम घेतला तो माघारी घेते. अक्कल कमी हाय, एवढं ठिवते.

पर पैज रद्द न्हाई. जमीन वाईट निघाली म्हणून तुमी सोडणार, आन मी पदर पसरून घेणार? कुत्र्याला शिळी भाकर टाकतात तसं? मला पडीक जागा नको. मला माझा परस पायजे. मी तो चांगला करून घेणार, आन चांगला झाल्यावर बी तुमाला देणार न्हाई.

माझा भाचा संगमेश माजलगावला साखर कारखान्यात हाय. त्याला बोलवून घेतलं. त्यांच्या तिकडं कालव्याचं पाणी जास्ती झालेली रानं अशीच पांढरी पडतात, म्हणून त्याला ह्यातलं ठावं हाय. त्यानं परसात उकरून बघितलं. म्हणला, "आत्या, आधी वरची माती खरवडून भाईर काढ. खाली उरलेलं मीठ पाण्यानं धू. पर त्या पाण्याला भाईर जायला वाट ठेव, न्हाईतर मीठ हितंच बसंल."

मी आन भिवराबाई, दोघी खोऱ्यानं माती ओढायलोत. उतारानं चर खणलाय. न्हाणीचं पाणी परसात सोडत हुते ते बंद केलं, त्या साबणाच्या पावडरीनं आणखीन वाटुळं हुतं म्हणं. गावातले लोक भिंतीवरनं मान काढून बघायलेत. आप्पाराव सरपंच म्हणला, "काकू, हंडा घावला का?" म्हणलं, "मीठ घावलंय, घरी न्या, तुमच्या भाषणात घाला." त्या दिसापासनं तिकडल्या रस्त्यानं जायलाय.

हाताला फोड आलेत, म्हणून अक्षर असं.

गंगासागर


अंबाजोगाई
२० ऑगस्ट

वहिनी, शरणार्थ.

मे महिन्यापासून तुमचं पत्र नाही. मी दोन पाठवली, उत्तर नाही. शेवटी काल नेकनूरचा एक माणूस दुकानात कापड घ्यायला आला, त्याला विचारलं. त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी कात्री खाली ठेवली. म्हणाला, तुमच्या वहिनीनं परसात ताग पेरला, कमरेच्या वर वाढवला, पिवळीधमक फुलं आली, आणि फुलं आल्यावर बाई खुरपं घेऊन सुटली, सगळं उभं पीक कापून मातीत गाडून टाकलं. वर एक ट्रॉली भरून काळा घाणेरडा चिखल आणून ओतला.

वहिनी, एवढ्या कष्टानं आलेलं कोणी गाडतं का? मी एसटीडीवरून ईश्वरीच्या शेजारी फोन लावला. ती म्हणते आई ठीक आहे, पण ती तुमचीच लेक, ती दुसरं काय म्हणणार? तब्येत बरी नसेल तर इकडे या. इथं मोठा दवाखाना आहे, ओळखीचे डॉक्टर आहेत. हट्टापायी जीव घालवू नका. मी हात जोडतो.

मन्मथप्पा


नेकनूर
२८ ऑगस्ट

भावजी,

डोकं दाखवायला बोलवायलात व्हय? आधी तुमचं दाखवा, मी रांगंत तुमच्या मागं थांबते.

ताग गाडायसाठीच पेरलता. तो आत कुजला की जमीन भुसभुशीत हुती, पाणी खाली मुरतं आन पाण्यासंगं मीठ जातं. फुलावर आल्यावरच गाडायचा असतो, उशीर केला तर काड्या होतात आन कुजत न्हाईत. कापताना मलाबी वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? एवढी पिवळी फुलं किती दिसांनी बघितली हुती. चार लिंगाला वाहिली आन मग खुरपं चालवलं.

काळा चिखल म्हणजे कारखान्याची मळी, उसाच्या रसातला गाळ. संगमेशनं पाठवली. तिचा वास असा की सरपंचानं निरोप धाडला, काकू, गावाला राहू द्या. भिवराबाईनं वरसाचं शेणखत दिलं. आमी दोघींनी समदं कालवून पसरलं. सरीनं वाफे पाण्यानं भरून घेतले, सोडले, परत भरले. चरातनं जाणारं पाणी मी चाखून बघायची. आधी थू करावं असं खारट, मग कमी, मग आणखीन कमी.

परवा म्हैस मुद्दाम सोडून बघितली. तिनं जमीन चाटली, तोंड फिरवलं आन निघून गेली. मी तिला अख्खी भाकर चारली, आन भिवराबाईच्या गळ्यात पडून रडले. आता झालं समाधान? येवढं एकदाच रडले.

चुका, पालक पेरलाय. वांगी लावलीत. काही रोपं गेली, बाकीच्यांनी धरलंय. रस्त्याकडचा एक कोपरा अजून पांढरा फुटतो. तो ऐकत न्हाई. मीबी ऐकत न्हाई.

दवाखान्याला येत न्हाई. तुमी कार्तिकीला पोट रिकामं ठिवून या.

गंगासागर


अंबाजोगाई
१२ नोव्हेंबर

वहिनी, शरणार्थ.

पंगतीची चव अजून तोंडात आहे. जंगम स्वामींनी भर पंगतीत विचारलं, वांगी कुठली? तुम्ही नुसत्या माझ्याकडं पाहत उभ्या राहिलात, पळी हातात धरून. सगळे सोयरे माझ्याकडं बघायला लागले. मलाच सांगावं लागलं, "आमच्या परसातली." आणि पुन्हा भाजी मागावी लागली. हरलो, वहिनी. कबूल आहे.

आता एक सांगतो, शेवटपर्यंत वाचा. जेवणानंतर तानाजी मिस्त्री परसात फिरला. माती हातात घेतली, जिभेला लावली. मला बाजूला घेऊन म्हणाला, मीठ गेलं, आता इथं पाया झकास बसेल. तुम्ही जमीन सुधारली म्हणूनच तर आता गाळे होऊ शकतात! पैज मी मोडत नाही. पण पैज भाजीची होती, आणि भाजी तर स्लॅबवरही येते. शहरात बायका गच्चीवर कुंड्यांत टोमॅटो घेतात. परसातली सगळी माती मी मजूर लावून वर चढवून देतो, एक कणही वाया जाणार नाही. इथले एकजण पहिला गाळा घ्यायला तयार आहेत, मी त्यांना हो म्हणून बसलोय. माझी अडचण समजून घ्या.

कागद सोबत आहे. पेन्सिलीनं फुली केली आहे, तिथं सही.

मन्मथप्पा


नेकनूर
२० नोव्हेंबर

भावजी,

कागद मिळाला. एक बाजू कोरी हुती, तिच्यावर वांग्याचं बी वाळत घातलंय. फुलीवर नेमकं एक बी बसलंय.

आधी वरची माती खाली टाकलीत. आता खालची वर न्यायलात. तुमचं आन मातीचं काय वाकडं हाय, सांगा तरी एकदा? आन हो म्हणून बसलात तर उठा. बसायला मी सांगितलं न्हवतं.

आजवर हसून लिवलं. आता नीट ऐका. ही जमीन मी खतानं न्हाई, जिभंनं सुधारली. रोज सकाळी पूजेच्या आधी चिमूटभर तोंडात. कुठं खारी हाय, कुठं गोडी झाली, मला झोपंत इचारा. वाईट हुती तवा तुमी टाकून दिली. चांगली झाली तशी तुमाला लगीच तिची किंमत कळली. न्हाई भावजी. सही न्हाई. तुमी आलात तरी न्हाई, स्वामी आले तरी न्हाई.

आणखीन एक. आपल्यात माणूस जाळत न्हाईत, बसता पुरतात. तुमचे अण्णा रानात बसलेत. समद्यांना वाटतं मीबी त्येंच्याशेजारी जाणार. मी न्हाई जाणार. स्वामींना सांगून ठिवलंय, भिवराबाईच्या आन सरपंचाच्या देखत. मला परसात बसवा, वांग्याच्या वाफ्याच्या वरल्या अंगाला. सरपंच आधी न्हाई म्हणला, गावात असं करता येत न्हाई, कायदा हाय. त्याला दोन येळंला वांग्याची भाजी धाडली. आता म्हणतो, बघू.

मग बांधा गाळे. लावा माझ्या डोक्यावर एसटीडी. कोण कुणाला काय बोलतंय ते मी खालनं समदं ऐकीन. बघू कोण भाड्यानं घेतंय.

माणूस बसवताना रीतीपरमाणं खड्ड्यात इभूतीसंगं पोतंभर मीठ टाकतात, ते तुमाला ठावं हाय. माझ्या खड्ड्यात टाकू नका. इभूत टाका, बेल टाका. लई कष्टानं काढलंय मातीतलं मीठ. मीठ टाकलंत तर उठून हात धरीन.

गंगासागर


अंबाजोगाई
२९ नोव्हेंबर

वहिनी,

तुमचं पत्र दुकानात गिऱ्हाइकासमोरच फोडलं. एसटीडीपर्यंत मोठमोठ्यानं हसत होतो, गिऱ्हाईकही हसत होतं. मिठापर्यंत आलो आणि पुढं वाचवेना. रतननं हातातून घेतलं. वाचून तिनं ते मला परत न देता आत देवापुढं नेऊन ठेवलं.

आई गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. तुम्ही मला ह्याच परसात दगडावर बसवून न्हाऊ घातलं. डोळ्यांत शिकेकाई गेली की मी गाव गोळा करायचो, आणि तुम्ही हातात शेंग तोडून द्यायचात, गप बस म्हणून. एवढं सगळं विसरून मला शटरं दिसत होती. मला लाज वाटते, वहिनी.

गाळा घेणाऱ्याला नाही सांगून आलो. तो पुष्कळ बोलला. बोलू दे. पुढच्या आठवड्यात ग्रामपंचायतीत येऊन परस तुमच्या एकटीच्या नावावर करून देतो. रतन म्हणते, कागदावर बी सुकलं असेल तर थोडं तिलाही द्या.

आणि मरणाचं पुन्हा लिहू नका. लिहायचंच असेल तर मीही एक विचारतो. माझंही वय झालं. वेळ येईल तेव्हा तुमच्या शेजारी मला थोडी जागा द्याल का?

तुमचा
मन्मथप्पा


नेकनूर
५ डिसेंबर

भावजी,

या. सकाळच्या गाडीनं या, म्हणजे पंचायतीचं काम उरकून भाकरीला घरी येता येईल. रतनला संगं आणा. बी बांधून ठिवलंय.

जागा मातर न्हाई. तिथं लसूण लावलाय.

गंगासागर